नव्या गाडीखालचे चार थेंब

सातारा, रविवार रात्र

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या गाडीतून तेल ठिबकते आहे, तर गिअरबॉक्स उतरवू द्यावा की तशीच वापरावी, असे दुपारी फोनवर तू विचारलेस आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवून दिला, ते उत्तर टाळण्यासाठी नव्हते. फोनवर घाईने सांगितलेल्या गोष्टी तू पुढे सर्व्हिस ॲडव्हायझरसमोर अर्ध्याच बोलतेस, म्हणून सगळे नीट लिहून पाठवावे असे ठरवले.

मागच्या शनिवारी तुझी गाडी रात्रभर आपल्या पोर्चमध्ये उभी होती. सकाळी शहाबादी फरशीवर चार डाग दिसले, तेव्हा तुझी आई म्हणाली की एसीचे पाणी असेल. एसीचे पाणी वाळून जाते. हे डाग बोटाला चिकटले, रंगाने तपकिरी होते आणि त्यांना इंजिन ऑइलचाच वास होता. गिअर ऑइल असते तर गंधकासारखा उग्र दर्प आला असता, आणि जेमतेम चोवीसशे किलोमीटरमध्ये ते इतके काळवंडलेही नसते. ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल असते तर मी तुला गाडी पुण्याला नेऊच दिली नसती, आणि हे पत्रही लिहावे लागले नसते.

आता वर्कशॉपवाले दोन गोष्टी सांगतात. एक म्हणतो, एवढा पाझर चालतो, वापरा. दुसरा म्हणतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून येते आहे, म्हणजे क्रँकचे मागचे ऑइल सील (इंजिनचा फिरता दांडा मागे बाहेर येतो तिथे तेल अडवणारे कडे) गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तीन दिवस गाडी ठेवा. तुझा जीव वरखाली होतो तो या दुसऱ्यामुळे. कोऱ्या गाडीचा गिअरबॉक्स खाली घ्यायचा ही कल्पनाच तुला सोसत नाही. मला ते समजते, कारण कारखान्यात बसवलेला जोड एकदा उघडला की पुन्हा तसाच बसेल की नाही, हे उघडणाऱ्याच्या हातावर असते. मी नोकरीत नवा असताना एका नव्या गाडीच्या चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला, बाहेरून नुसती ओल होती. मी शहाणपणा करून सगळे बोल्ट जोर लावून आवळले, जोडातले गॅस्केट (तेल अडवणारी पॅकिंग) दाबले जाऊन बाहेर आले, आणि जिथे ओल होती तिथे धार लागली. त्या दिवशी फोरमनने मला काय काय ऐकवले ते इथे लिहीत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की मागचे सील गेले हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. तेल वरून खाली येते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथूनच गळते असे समजणे ही मिस्त्री लोकांची नेहमीची चूक आहे. इंजिनच्या वरच्या झाकणाचे, म्हणजे टॅपेट कव्हरचे, गॅस्केट नीट बसले नसेल, तर तेल इंजिनच्या मागच्या अंगाने ओघळत बरोबर गिअरबॉक्सच्या जोडापाशी येऊन लोंबते. शिवाय पहिल्या सर्व्हिसिंगला तेल बदलले असेल, तर तेव्हा सांडलेले तेल खालच्या पत्र्यात साचून कित्येक दिवस ठिबकत राहते. तेल प्रमाणापेक्षा जास्त भरले असेल किंवा इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी दबली असेल, तर आतला दाब वाढूनही सीलपाशी तेल येऊ शकते. यांपैकी एकाही कारणासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

म्हणून त्यांना सांग की आधी इंजिनचा तो भाग पूर्ण धुऊन कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडर मारावी, गाडी पन्नासएक किलोमीटर चालवून मग लिफ्टवर घ्यावी. पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते तीच खरी जागा. ती रेघ तू स्वतः पाहा आणि मोबाइलवर फोटो काढ. डिपस्टिकही (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर बघ. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे, वरच्या खुणेच्या पुढे नको.

दुसरी गोष्ट, "चालतंय" म्हणणाऱ्याचेही ऐकू नकोस. तेल किती कमी होते एवढाच हिशेब केला तर त्याचे बरोबर आहे. वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर रोज चार थेंबांप्रमाणे महिन्याला पाच-सहा मिलिलिटर होतात, आणि इंजिनात तीन-चार लिटर तेल असते. पण त्या सीलच्या पलीकडे क्लच आहे. सील खरोखरच गेले असेल आणि आतल्या बाजूला तेल उडू लागले, तर क्लच प्लेट भिजते, आणि भिजलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पूर्वीसारखी होत नाही, बदलावीच लागते. खंबाटकीच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, किंवा जळका वास येतो, असे कधी जाणवले तर मग थांबायचे नाही. क्लच प्लेट हा झिजणारा भाग म्हणून बहुधा वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे आज फुकट होणारे काम वर्षभराने तुझ्या खिशातून होईल. "सुरुवातीला थोडे येते, सील आपोआप बसते" असेही कोणी सांगेल. माझ्या इतक्या वर्षांत बसलेले सील मी फार थोडे पाहिले.

माझे मत असे आहे की तक्रार उद्याच्या उद्या वर्कशॉपच्या जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, किलोमीटरसह लिहून घ्यावी, तोंडी काहीही ठेवू नये. पावडरची तपासणी करून घ्यावी. रेघ वरून आली तर टॅपेट कव्हरचे गॅस्केट बदलून घ्यावे, ते काही तासांचे काम आहे. वर सगळे कोरडे राहून जोडातूनच ओल आली, तर मात्र मन घट्ट करून गिअरबॉक्स उतरवू द्यावा, आणि तो उतरवण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: सीलबरोबर जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते नवे टाकावेत, आणि क्लच प्लेट भिजलेली निघाली तर तिचा खर्च त्यांनी सोसावा. प्लेट उघडल्यावर तुला बोलावून दाखवावी, असेही सांग. त्या दिवशी मी सकाळच्या एसटीने पुण्याला येईन. हातात पाना धरणार नाही, नुसता उभा राहीन.

तोपर्यंत रोज रात्री गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा ठेव, तो नेहमी त्याच जागी येईल अशी खूण कर, आणि सकाळी प्रत्येक डागाशेजारी तारीख व किलोमीटर लिही. येत्या शनिवारी येताना तो पुठ्ठा डिकीत टाकून आण, मला बघायचा आहे.

तुझे,
आप्पा