गावाचं नाव नकाशावर नीट असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारीत रस्ता सांगणारं यंत्र मी बरीच वर्षं लावू दिलं नाही. शिक्षकाची नोकरी, बदल्यांमुळे बीड-लातूरच्या आडवाटा पायाखालच्या. परमुलखात गेलं की एसटी स्टँडसमोर चहा घ्यायचा आणि पुढची वाट विचारायची. त्यातून ओळखी निघायच्या, कधी पाव्हणेपणही निघायचं. ही रीत मला आजही प्रिय आहे. पण ती ज्या रस्त्यांवर चालायची, ते रस्तेच आता बदलले आहेत.

सोलापूर-धुळे महामार्ग आमच्या तोंडी ‘दोनशे अकरा’ होता, त्याचा क्रमांक आता ५२ आहे. चौपदरी रस्ता गेवराईला, बीडला बाहेरून वळसा घालतो. बायपासवर ना पार, ना स्टँड. जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागलं की वाट विचारायला माणूसच भेटत नाही. त्यात २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली. जुन्या माणसाच्या डोक्यातला नकाशा इतक्या वेगानं कसा बदलणार?

माझं मत बदललं ते हिंगोली जिल्ह्यात. सेनगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर नात्यातल्या आजारी माणसाला भेटायला निघालो होतो. अंबाजोगाईहून परळी, गंगाखेड, परभणी, औंढा असं करत पोहोचेस्तोवर अंधार पडला, दुकानं बंद झाली. मुलीनं निघतानाच फोनवर नकाशा उतरवून दिला होता. पुढे रेंज गेली, तरी आवाज थांबला नाही. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.’ वळलो. गाडी थेट वस्तीच्या तोंडाशी आली. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींचा जीव भांड्यात पडला, आणि त्या रात्री उशीर न होता भेट झाली याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

रेंज नसताना हे चालतं कसं, ते मी नंतर समजून घेतलं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ आणि जागा सांगत असतात. फोन फक्त ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोहोचले, यावरून तो आपली जागा काढतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो! म्हणून उपग्रहात अणुघड्याळ असतं. नाविक ही जीपीएससारखी आपल्या देशाची स्वतःची यंत्रणा. इस्रोनं २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या तिच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात तर भारतात बनवलेलं अणुघड्याळ आहे. मी विज्ञान शिकवलं, पण हे वाचताना ऊर भरून आला.

मात्र उपग्रह फक्त जागा सांगतो. रस्ता कुठला, गाव कुठलं, हे नकाशात कुणीतरी माणसानंच भरावं लागतं, आणि इथे आपला भाग मागे आहे. बुद्रुक आणि खुर्द यांची अदलाबदल झालेली दिसते. तांड्यांची नावं नसतात. काळ्या रानातला शेतरस्ता पक्क्या सडकेसारखा दाखवला जातो. पावसाळ्यात तिथं गाडी रुतली की ट्रॅक्टरच हवा. म्हणून पावसाच्या दिवसांत जवळची वाट दाखवली तरी मी डांबरी सोडत नाही आणि नळकांडी पुलावर पाणी असलं की आवाज काहीही सांगो, गाडी थांबवतो.

नकाशात राहिलेला रस्ता किंवा चुकलेलं नाव कळवण्याची सोय त्या फोनमध्येच असते, पैसे पडत नाहीत. माझी आपल्या वाचकांना आणि सरपंचांना कळकळीची विनंती आहे: ग्रामसभेत एकदा आपल्या गावाचा नकाशा उघडून बघा. वस्ती, तांडा, शाळा, उपकेंद्र, स्मशानभूमीचा रस्ता जागेवर आहे का? गावातल्या कॉलेजच्या पोरांना हे काम एका दुपारी जमेल. रात्री बाळंतिणीला न्यायला येणाऱ्या १०८ च्या चालकाला फाट्यावर वाट सांगायला कुणी उभं असेलच असं नाही. आमच्या भागातल्या दोन वस्त्यांची नावं मी कळवली आहेत. त्यातलं एक आता नकाशावर दिसतं, दुसऱ्याचा पाठपुरावा चालू आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड