आशाताईंच्या तक्त्यात किडनीचाही प्रश्न हवा

महोदय,

मधुमेह आनुवंशिक असतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पण मधुमेहींपैकी कोणाची किडनी बिघडणार, यातही आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते.

१९८९ साली अमेरिकेतील मिनेसोटात दोघेही मधुमेही असलेल्या भावंडांचा अभ्यास झाला. किडनीला इजा झालेल्या रुग्णांच्या २९ भावंडांपैकी २४ जणांची किडनी बिघडलेली निघाली. ज्यांची किडनी ठणठणीत होती, त्यांच्या १२ भावंडांत असे दोघेच होते. आकडे लहान आहेत, पण पुढे ॲरिझोनातील पिमा आदिवासींत आणि १९९९ मध्ये चेन्नईतील टाइप २ मधुमेहींच्या भावंडांतही तोच कल दिसला. एका घरातली माणसे जेवतातही सारखेच, त्यामुळे सगळा भार जनुकांवर टाकता येत नाही. तरी २०१९ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या सुमारे २०,००० रुग्णांच्या अभ्यासात, किडनीच्या गाळणीतील कोलॅजेन या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल संरक्षण देतो असे आढळले. ते रुग्ण युरोपीय वंशाचे होते. त्याच्या आधारे आपल्याकडे कोणी महागडी जनुकचाचणी सुचवली, तर माझ्या मते ती घेऊ नये. घरात कोणाची किडनी गेली होती का, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. मधुमेहामुळे वडिलांची डायलिसिस सुरू होती, तेव्हा थोरल्या भावालाही मधुमेह होता. त्याची साखर नियमित तपासली जाई, लघवीतील अल्ब्युमिन (किडनी बिघडू लागली की लघवीत झिरपणारे प्रथिन) मात्र कधीच नाही. पायांवर सूज आली तोवर रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, बरेच चढले होते. सुरुवातीला ना दुखते, ना खुपते. लघवीची तपासणी तेवढी बोलते.

तिशीपुढच्या लोकांसाठी आशाताई घरोघरी जाऊन जो तक्ता भरतात, त्यात आई-वडील किंवा भावंडांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का, हे विचारले जाते. त्याच ओळीत ‘मूत्रपिंडाचा आजार’ हे शब्द घालावेत. उत्तर ‘हो’ आले आणि ती व्यक्ती मधुमेही असली, तर दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे प्रमाण आणि रक्तातील क्रिएटिनिन मोफत तपासावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सरकार डायलिसिसचा खर्च उचलतेच. त्यापुढे ही तपासणी फारच स्वस्त आहे.

‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून हात टेकणारे पुष्कळ भेटतात. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवला, तर ही घसरण मंदावते. लोसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा उपयोग २००१ मध्येच सिद्ध झाला आणि अलीकडे मधुमेहावरच्या एसजीएलटी-२ गटातील औषधांनीही किडनी वाचते असे दिसले आहे. मात्र ती वेळेवर सुरू व्हावी लागतात, आणि त्यासाठी डॉक्टरांना घरचा इतिहास कळला पाहिजे. मुलामुलींची लग्ने अडतील या भीतीने अनेक घरांत डायलिसिसची गोष्ट नातेवाइकांपासूनही लपवली जाते. निदान सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तरी ती सांगावी.

आरोग्य विभागाने तक्त्यांची पुढची छपाई करताना या दुरुस्तीचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा