आढं वर आलं रे!

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि राहवेना, म्हणून एवढं लांब लिहितोय. छप्पर मध्ये बसलंय म्हणून सगळं उतरवून पत्रा मारायचा असं तू ठरवतोयस, पण आधी आमच्या घराचं काय झालं ते वाच.

आमचं आढं, छपराच्या माथ्यावरचं ते आडवं लाकूड, मध्यात किती खचलेलं ते तू गणपतीत बघितलंच होतंस. सूत ताणून मापलं तर 4 इंच! मला वाटायचं कौलांचं वजन वाशांना झेपत नाही. वजन आहेच रे, एक मंगलोरी कौल दोन-सव्वादोन किलोचं, आमची 2200 कौलं म्हणजे पाच टनांच्या आसपास, आणि पावसात भिजून वाढतं ते वेगळंच. पण हेच वजन या घराने आजोबांच्या काळापासून पेललं ना, मग आत्ताच काय झालं?

मेस्त्री आले ते वर न बघता माजघरात फिरले, भालीखाली, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणाऱ्या जाड तुळईखाली, उभे राहिले आणि म्हणाले, इथला खांब कुठे गेला? मला माहीतच नव्हतं. आई म्हणाली, ताईच्या लग्नात पंगतीला अडचण होते म्हणून आण्णांनी काढला. म्हणजे तीस वर्षं ती भाल एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकटी, आणि तिच्यावर उभा आढ्याचा टेकू. साधा हिशोब सांगतो, वजन सगळीकडे सारखं असेल तर गाळा दुप्पट झाला की तेवढ्याच जाडीचं लाकूड सोळा पट वाकतं. सोळा पट! आणि वर्षानुवर्षं वाकलेलं लाकूड तसंच बसतं, वजन काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही.

शिमगा झाल्यावर काम काढलं. आधी छपराच्या दोन्ही उतारांवरची, पाख्यांवरची, कौलं सारख्याच प्रमाणात उतरवली, एकच बाजू मोकळी केली असती तर सगळा सांगाडा दुसरीकडे कलंडला असता. मग जुन्या खांबाच्या जागची लादी उचलली तर खाली काय, खांबाच्या बुडाचा दगड, तळखडा, तसाच! काळा दगड, मध्ये खांबाचं निमुळतं टोक, कुसू, बसायचं चौकोनी भोक, त्यात नुसती माती भरलेली. आई तिथेच बसली आणि पदराने तो दगड पुसत राहिली, मला बोलायलाच सुचेना.

त्याच्या शेजारी जाड फळी टाकून भालीखाली ट्रकचा जॅक लावला. रोज फक्त पाव इंच, जास्त नाही. हँडल फिरवलं की भाल करकरायची, मेस्त्री हात वर करून थांबायला सांगायचे आणि भिंतीच्या गिलाव्यावर नजर फिरवायचे. बाराव्या दिवशी 3 इंच वर आलं आणि चिऱ्याच्या भिंतीला बारीक तडा दिसला, तिथेच थांबलो. राहिलेला एक इंच राहू दे, भिंत फोडून आढं सरळ करायचं नाही. मग ऐनाचा नवा खांब त्याच भोकात बसवला आणि जॅक हळूहळू सोडला.

भालीचं भिंतीतलं टोक मात्र वाळवीने पोखरलं होतं, वरून धडधाकट, आत नुसता भुगा. कुजलेलं कापून दोन्ही बाजूंनी फळ्या लावून बोल्ट मारले आणि टोकाभोवती चिऱ्यात हवेला जागा ठेवली, पूर्वी सिमेंटने लिंपून टाकलेलं, त्यानेच ओल धरलेली. वाकलेल्या सात वाशांना बाजूने दुसरे वासे जोडले. सगळ्या लाकडाला डिंबेल, काजूच्या टरफलांचं तेल, लावलं, वास आठवडाभर गेला नाही. कौलं तीच परत चढवली, शंभरेक फुटली तेवढी नवी.

तर तू पत्र्याचं कोटेशन घेऊ नकोस आत्ता. माळ्यावर चढ, स्क्रू ड्रायव्हर घे आणि प्रत्येक भाल भिंतीत शिरते तिथे टोचून बघ, सहज घुसला तर ते टोक गेलंय. कुठला खांब, कुठली भिंत काढलेली का ते काकूंना विचार, तुझ्या वडिलांनीही हॉल मोठा केलेला ना? सूत बांधून माप घे आणि फोटो पाठव. मेस्त्रींशी मी बोलून ठेवलंय, रविवारी येऊ का आम्ही दोघं?

तुझाच