सॉरी कशाला म्हणतेस, असं तू विचारलंस म्हणून

प्रिय ताई, सा. न.

भावोजींना नमस्कार सांग, चिनूला पापा. परवा फोनवर मी सॉरी म्हणाले तर तू लगेच म्हणालीस, "सॉरी कशाला म्हणतेस गं, तुझी काय चूक त्यात", आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, तू गॅस बंद करायला उठलीस नि विषय तिथंच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो काही जात नाहीये. फोनवर हे धड बोलता येत नाही, मधेच गळा भरून येतो, म्हणून लिहितेय, लांबलं तर दुपारी निवांत वाच.

बाबा गेले त्या आठवड्यात इथे कॅनडात हॅमिल्टनला गुडघाभर बर्फ होता आणि माझा पासपोर्ट रिन्यूअलला गेलेला, ते सगळं तुला माहितीये. जे सांगितलं नव्हतं ते असं की तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाई एवढ्या बर्फातून पिवळ्या वाटाण्याच्या सूपचं पातेलं घेऊन आल्या, दारातच उभ्या राहिल्या, हातमोजा काढून माझा हात धरला आणि म्हणाल्या, आय अ‍ॅम सो सॉरी. मी घाईघाईने काय म्हणाले माहितीये, "नो नो, तुमची काय चूक त्यात". अगदी तू मला म्हणालीस तेच! त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त हात सोडला नाही.

आपल्याकडे शाळेत सॉरी शिकलो ते चूक केल्यावर म्हणायचं म्हणून ना, वही विसरली, उशीर झाला, की बाईंना सॉरी. म्हणून आपल्याला वाटतं सॉरी म्हणजे चूक कबूल. मी नंतर इथल्या लायब्ररीत बसून मोठ्या डिक्शनरीत बघितलं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'सारिग' असा होता, आणि तो आला 'सार' वरून, म्हणजे जखम, दुखणं. घसा दुखला की आपण सोअर थ्रोट म्हणतो ना, तो सोअर म्हणजे तोच 'सार'. म्हणजे सॉरी माणूस म्हणजे मुळात दुखावलेला माणूस, ज्याला आत कुठेतरी ठणकतंय असा. चूक वगैरे त्यात कुठेच नव्हती, माफी मागायचा अर्थ खूप नंतर चिकटला. मला तर वाटायचं हा शब्द 'सॉरो' म्हणजे दुःख त्यावरून आला असणार, दिसतात पण सारखेच, पण नाही, तो वेगळ्याच घरचा, दोघं इतकी वर्षं शेजारी राहिले म्हणून उच्चार जवळ आले. चिनू जर्मन शिकतोय ना, त्याला सांग की तुमचा तो 'झेअर', म्हणजे 'खूप', तोही या सोअरचाच भाऊबंद आहे, आधी त्याचा अर्थ 'दुखेपर्यंत' असा होता, पुढे नुसता 'खूप' उरला.

आणि अपॉलॉजीचं तर बरोबर उलटं. तो शब्द ग्रीक, आणि त्याचा मूळ अर्थ स्वतःच्या बचावाचं भाषण. अथेन्सच्या कोर्टात सॉक्रेटिस बोलला त्याला अपॉलॉजी म्हणतात, पण त्यात त्याने माफी मागितलेलीच नाही, माझं कसं बरोबर आहे हेच सांगितलंय. म्हणजे एक शब्द दुखण्यातून आला आणि एक वकिलीतून, आणि आपण दोन्हींचं भाषांतर 'माफी' असंच करतो.

इथे कॅनडात तर सॉरी दिवसभर कानावर पडतं, आणि ते म्हणतात 'सोरी', स्टोरी सारखं. अमेरिकन लोक म्हणतात 'सारी'. आपलं सॉरी ब्रिटिशांकडून आलेलं. नीट ऐकू आलं नाही तर सॉरी, दुकानात कोणाच्या पुढून जायचं तर सॉरी, बसमध्ये माझ्याच बॅगेचा कोपरा एका मुलाच्या गुडघ्याला लागला तर सॉरी म्हणाला तो! त्याच बसमध्ये एकदा माझा पाय एका आजोबांच्या पिशवीला लागला आणि मी सवयीने वाकून पिशवीला हात लावून छातीला लावला, ते बघतच राहिले, मग मी सांगितलं की आमच्यात पाय लागला की असं करतात, तर त्यांना इतकं आवडलं की उतरताना त्यांनीही मला छातीला हात लावून दाखवला.

इथे त्यावर कायदासुद्धा आहे, आँटारिओ राज्यात २००९ साली झाला, की तुम्ही कोणाला सॉरी म्हणालात तर दिवाणी कोर्टात तो चुकीचा कबुलीजबाब धरायचा नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे रस्त्यात गाडीला गाडी लागली की आधी सॉरी म्हणेल त्याच्या गळ्यात चूक पडते, म्हणून कोणी म्हणतच नाही, आधी आवाज चढवतात, आणि ज्याला लागलंय तो तसाच बसून राहतो.

पण नुसतं वाईट वाटून भागत नाही अशाही जागा असतात. इथल्या मूळच्या लोकांची दीड लाखाहून जास्त मुलं घरातून नेऊन वसतिशाळांत ठेवली होती, त्यांची भाषा तोडली, मारहाण केली, कितीतरी परत आलीच नाहीत. ११ जून २००८ ला पंतप्रधान हार्पर संसदेत उभे राहून त्याबद्दल सॉरी म्हणाले, इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि त्या लोकांच्या भाषांमध्येही. कोमागाता मारू जहाजातून १९१४ साली आलेल्या आपल्या ३७६ लोकांना, बहुतेक पंजाबी, व्हँकुव्हरला बहुतेकांना उतरूच दिलं नाही, त्याची संसदेत माफी तर २०१६ ला मागितली, तोवर त्यातलं ऐकायला कोण उरलं असणार गं. तिथे चूक कबूल करायलाच हवी, नुसतं 'वाईट वाटलं' चालणार नाही असं मला वाटतं.

आपल्याकडे बघ, 'माफ' आला अरबीतून फारसी मार्गे, 'क्षमा' संस्कृतातली, दोन्ही मागायच्या गोष्टी. दुखण्यासाठी आपण म्हणतो 'फार वाईट वाटलं' आणि मग गप्प बसून राहतो, बाबांच्या वेळी लोक येऊन तुझ्याजवळ बसले तसे. मागच्या गल्लीतल्या जैन काकू आठवतात का, त्यांचं दशलक्षण पर्व संपलं की हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत प्रत्येक घरी यायच्या, मी सातवीत असताना त्यांना विचारलं होतं, काकू तुम्ही तर काहीच केलं नाही, तर म्हणाल्या, न कळत काय दुखावलं असेल ते कसं कळणार.

तर ताई, माझं सॉरी ते होतं. पासपोर्ट माझ्या हातात नव्हता, ती चूक नाही, मान्य. पण शेवटचे चार महिने बाबांना तू एकटीने उठवलंस बसवलंस, रात्री दोनला औषध दिलंस, आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर "जेवले का" विचारत होते, त्याचं मला दुखतंय. तुझं एकटीचं दुखत असेल त्याचंही. आणि एक खरीखुरी चूकही आहे, दिवाळीत तू म्हणाली होतीस की यंदा येऊन जा, बाबा थकलेत, आणि मी म्हणाले मार्चमध्ये बघू. त्याची माफीच मागतेय, तिला सॉरी म्हणत नाही.

वर्षश्राद्धाला येतेय, तिकीट काढलंय, पासपोर्टही हातात आहे. बाबांचं कपाट तोवर उघडू नकोस, दोघी मिळून आवरू.

तुझी,
मनू