बंगल्याच्या भिंतीला सिमेंट कशाला?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याची दुरुस्ती सुरू आहे, मी रोज सकाळी त्याच रस्त्याने फिरायला जातो, आणि गेल्या आठवड्यात बघतो तर समोरच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा पार खरवडून त्यावर सिमेंट मारणं चाललेलं. खूप वाईट वाटलं.

बंगला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झालं, १८६७ मध्ये रेल्वे आली आणि साहेबलोकांसाठी या भागात असे बंगले उभे राहिले. माझे वडील अशाच एका बंगल्यात कामाला होते, म्हणून मी लहानपणी आत गेलेलो आहे. हातभर जाड विटांच्या भिंती, चहूबाजूंनी व्हरांडा, वर कवेलू म्हणजे कौलं, छताजवळ दोरीने उघडायची झडपं, त्यातून गरम हवा वरच्या वर निघून जायची. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री आणि आत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की दुपारी मस्त झोप लागायची, कूलर तेव्हा कुठे होते!

या भिंती चुना आणि सुरखीत बांधलेल्या आहेत, सुरखी म्हणजे विटांची भुकटी. चुना ओल शोषतो आणि ऊन पडलं की ती बाहेर सोडतो. सिमेंट तसं करत नाही, ते घट्ट बसतं, ओल आतच कोंडते, मग क्षार फुगतात आणि विटेचा पापुद्रा निघायला लागतो. म्हणजे दोन-चार पावसाळ्यांत नवा गिलावा तर पडतोच, वर जुनी वीटही सोबत घेऊन जातो. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने हे मला कितीदा सांगितलंय, ते स्वतः चुना महिनाभर भिजवून मगच वापरायचे.

चुन्याचं काम वेळखाऊ आहे, कारागीर कमी राहिलेत, मान्य. पण हेरिटेज यादीत नाव असो नसो, टेंडरमध्ये "चुन्याचा गिलावा" एवढे दोन शब्द लिहायला काय लागतं? १८६३ चा आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, बघायला आपण पोरांना घेऊन जातो, मग त्याच काळातलं हे घर असं का खराब करायचं?

त्या बंगल्याची मागची भिंत अजून तशीच आहे, चुन्याची. संबंधित खात्याने निदान तिथलं काम आजच थांबवावं आणि जुन्या बांधकामाचा जाणकार बोलावून दाखवावं, जून लागायच्या आत.

एक वाचक, धरमपेठ, नागपूर