कीबोर्डची पिशवी न उघडणाऱ्या मास्तरांना

मास्तर, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमच्याशी नीट बोलता आलं नाही, शब्दच फुटेनात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव लिहू नका म्हणालात, ते पाळतो. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेवरचं माझं पद परवा आमच्या भजनी मंडळात स्पीकरवर वाजलं. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची वाट, सगळं त्यात आहे. "म्युझिक कुणाकडून करून घेतलं?" असं जो तो विचारत होता. "घरीच कॉम्प्युटरवर केलं, मीच केलं" हे सांगताना माझा आवाज कापत होता. तो का, हे लोकांना कळलंच पाहिजे.

मी पूर्व भागात जेकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या, डिझाइनचं काम करतो. लहानपणापासून भजनात गातो, चाली सुचतात, पण पेटीवर बोटं चालत नाहीत. शहरातल्या एका क्लासमध्ये गेलो, तर "आधी कीबोर्डच्या परीक्षा द्या, मग बघू" म्हणून उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. चाल काय आहे, एवढं ऐकून घ्यायचीही तसदी कुणी घेतली नाही. पुढे एका स्टुडिओवाल्याने आगाऊ पैसे घेतले आणि तयार लूपवर माझा आवाज चिकटवून दिला. सम एकीकडे, ठेका दुसरीकडे. तसं बोललो, तर म्हणाला, "तुम्हाला वाजवता येत नाही, तुम्हाला काय कळणार?" पैसे गेले त्याचं इतकं नाही, पण ते वाक्य अजून सलतं. टाळ धरून जन्म काढलेल्या माणसाला सम कळत नाही होय?

आणि मग तुम्ही आलात. कार्यक्रम आटोपून तसेच आमच्या घरी, कीबोर्ड खांद्याला. ऑर्केस्ट्रात तुमची बोटं कशी पळतात ते मी हुतात्मा स्मृती मंदिरात डोळ्यांनी पाहिलंय. मला वाटलं, आता हे कीबोर्ड काढतील, दोन मिनिटांत चाल वाजवून मोकळे होतील आणि मी नुसता बघत बसेन. तुम्ही ती पिशवी भिंतीला टेकवून ठेवलीत. चेनसुद्धा उघडली नाहीत. म्हणालात, "मी वाजवलं तर ते माझं होईल. मी गेल्यावर तुमच्या हातात माऊसच राहणार ना? मग माऊसवरच करू."

मास्तर, बाकी सगळं मी विसरेन एक वेळ, हे नाही विसरणार. मी अडखळत होतो, चुकीच्या घरात स्वर टाकत होतो, तुम्हाला ते क्षणात वाजवून दाखवता आलं असतं. तुमचा हात तिकडे गेला नाही. हातात कला असलेल्या माणसाला ती आवरून धरणं किती जड जात असेल!

तुम्ही मला आधी गायला लावलंत. "तुमचा सा काळी दोन. आता भीमपलासचा आरोह टिपा." सा, कोमल ग, म, प, कोमल नि, एकेक स्वर कॉम्प्युटरच्या पडद्यावर, कडेला पेटीच्या पट्ट्या काढलेल्या चौकटींत मांडत गेलो, तर सगळेच्या सगळे काळ्या पट्ट्यांच्या ओळींत! उतरताना तेवढे ध आणि रे पांढऱ्यांवर. इतकी वर्षं गळ्यातून जाणारा राग मी पहिल्यांदा बघितला. आणि तो चौकटींचा पडदा मला परका वाटलाच नाही. आमच्या ग्राफवर एकेक घर भरून ठरतं कुठला धागा उचलायचा, इथे ठरत होतं कुठला स्वर कधी वाजायचा. पूर्वीचा आपोआप वाजणारा पियानोही असाच भोकं पाडलेल्या कागदावर चालायचा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तर माझी भीती पारच गेली.

भजनी ठेक्याच्या ८ मात्रा, मात्रेला ४ घरं. सगळे ठोके रेषेवर काटेकोर बसवले तर ठेका निर्जीव झाला. काही ठोके केसभर मागे घ्यायला लावलेत, प्रत्येकाचा जोर १ ते १२७ मध्ये वेगवेगळा करायला लावलात, तेव्हा कुठे माणूस वाजवतोय असं वाटलं. म वरून कोमल ग वर घसरत येणारी मींड बेंडच्या, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणाऱ्या, रेघेने काढली. बहुतेक वाद्यांत ही रेघ मुळातच दोन अर्धस्वरांपुरती असते आणि म ते कोमल ग अंतर नेमकं तेवढंच. "गळा वळतो तशी रेघ वळवा," एवढंच म्हणालात. हलगी मात्र माऊसने काढू दिली नाहीत. ती वाजवणाऱ्याकडूनच वाजवून घेतली, शेजारचे माग बंद झाल्यावर, खिडकीला दोन चादरी टांगून.

आगाऊ पैशाची गोष्ट मी सांगितली होती, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. पण रीपर, म्हणजे ज्यावर हे सगळं केलं ते सॉफ्टवेअर, घालून देताना आवर्जून सांगितलंत, "६० दिवस मोफत वापरा, पटलं तरच पैसे भरा." स्वतः एक रुपया घेतला नाहीत. येत नाही म्हणून हिणवणारे गल्लोगल्ली भेटतात. समोरच्याला काय येतं ते शोधत बसणारी माणसं आपल्या गावात आहेत, यावर माझा विश्वास उडत चालला होता, मास्तर.

पुढचं पद रूपकात बांधतोय. ७ मात्रांची घरं माझी मीच आखली आणि सम खालीची, म्हणजे बिनजोराची, म्हणून पहिला ठोका हलका ठेवलाय. तो जरा जास्तच हलका झालाय असं वाटतं, ते ऐकून सांगा. रविवारी या आणि जेवूनच जा. गेल्या वेळी नुसत्या चहावर निघालात, ते आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी तयार असेल.

तुमचा,
पूर्व भागातला एक भजनकरी