ग्रँड ज्युरीच्या माजी सदस्यांना त्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखा काढायला मदत करा: कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायाधीशांना खुले पत्र

मा. पॅट्रिशिया गरेरो,
मुख्य न्यायाधीश, कॅलिफोर्निया

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत लिहितो आहे ते बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या) आमच्या मंडळींसाठी. ‘ग्रँड ज्युरी’ म्हटलं की इथे सगळ्यांना खुनाचा खटलाच आठवतो. स्थानिक सरकारांचा कारभार तपासणारी, सामान्य नागरिकांची नागरी ग्रँड ज्युरी राज्याच्या सगळ्या 58 काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) दरवर्षी बसते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

मी अशा ज्युरीवर एक वर्ष काढलं आहे. बहुतेक ठिकाणी 19 जण असतात, लॉस एंजेलिसला 23. साधारण जुलैच्या सुरुवातीला शपथ, पुढच्या जूनअखेर सुट्टी. मधल्या काळात तुरुंगाची पाहणी, शाळांचे आणि पाणीपुरवठ्याचे हिशेब, बंद दाराआडच्या मुलाखती. आणि 19 पैकी किमान 12 जण ‘हो’ म्हणेपर्यंत अहवालाच्या एकेका वाक्यावरून भांडणं. कायद्यातला भत्ता दिवसाला 15 डॉलर, एखादी काउंटी जास्त देते. पैशासाठी इथे कुणी येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

खरी अडचण पुढे आहे. बरेचसे अहवाल जूनमध्ये बाहेर पडतात. निवडून आलेल्या अधिकाऱ्याला उत्तर द्यायला 60 दिवस, नगर परिषदेसारख्या मंडळाला 90. म्हणजे उत्तर येतं तेव्हा प्रश्न विचारणारी ज्युरी बरखास्त झालेली असते. उत्तरांचे साचेही कायद्यानेच ठरवून दिलेत: शिफारस अमलात आणली, आणणार आहोत, आणणार नाही, किंवा अधिक अभ्यास हवा. यातलं शेवटचं फार सोयीचं. नकारही नाही, कामही नाही. त्याला अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे खरी, पण डिसेंबरात नवी ज्युरी स्वतःच्याच चौकशांत बुडालेली असते. जुन्यांपैकी 10 जणांपर्यंत न्यायालय पुढच्या वर्षासाठी ठेवू शकतं. तरी दोन-तीन वर्षांमागच्या अहवालाकडे त्यांचंही लक्ष जात नाही. मग अभ्यास झाला का, हे विचारणार कोण?

हे काम माजी सदस्यांची स्थानिक शाखा करू शकते. त्यांची राज्यव्यापी संघटना आहे, काही काउंट्यांत शाखाही आहेत. जुने अहवाल आणि त्यांची उत्तरं शेजारी ठेवून पाठपुरावा करायचा, ग्रंथालयात जाऊन नवे अर्जदार मिळवायचे, एवढंच त्यांचं काम. जिथे शाखा उभी राहत नाही तिथलं कारण बहुधा साधं असतं. वेगवेगळ्या वर्षांचे सदस्य एकमेकांना सापडतच नाहीत. त्यांचे फोन-ईमेल न्यायालयाकडे, आणि ते कुणालाही परस्पर मिळू नयेत हेही योग्यच.

राज्यातल्या न्यायालयांचं धोरण ठरवणाऱ्या न्यायिक परिषदेच्या अध्यक्ष म्हणून आपण सर्व सुपीरियर कोर्टांना, म्हणजे काउंटीच्या न्यायालयांना, एक सूचना द्यावी. मुदत संपताना प्रत्येक सदस्याच्या हातात एक कागद ठेवावा: ‘माझा संपर्क शाखेला द्यावा: हो / नाही.’ वर्षातून एकदोनदा संध्याकाळी बसायला एखादी खोली मिळाली तर उत्तम. अनुदान मात्र काउंटीने देऊ नये. दिलं तरी शाखेने घेऊ नये. ज्यांचा कारभार तपासायचा, त्यांच्याच पैशावर चालणारी शाखा काय कामाची?

गोपनीयतेची शंका निघेल. 2022 मध्ये सांता क्लारा शहर परिषदेवरचा अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच फुटला होता, हे खरं. पण तो फोडणारा ज्युरीतला नव्हता, परिषदेतलाच नगरसेवक होता, आणि डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयात तो दोषी ठरला. माजी सदस्यांना गुप्ततेची शपथ जन्मभर बांधते. म्हणून शाखेने फक्त प्रसिद्ध अहवाल आणि प्रसिद्ध उत्तरं यांनाच हात लावावा, हे त्याच सूचनेत स्पष्ट लिहा. आमची हरकत नाही.

येत्या जूनमध्ये मुदत संपणाऱ्या सदस्यांच्या हाती तो कागद पडेल, एवढ्या बेताने सूचना निघावी ही विनंती.

आपला नम्र,
एक माजी ज्युरर